मावशीचा रहाट आणि पाठीमागची सायकल

मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, मित्रांनो, दोर वळायचा. मोडीत निघालेल्या एका गाडीच्या लाकडातून सुताराने माझं चाक घडवलं आणि लोहाराने पुढे एक आकडा बसवला. मूठ फिरवली की चाक सावकाश फिरतं आणि पट्ट्याने जोडलेला आकडा भरभर फिरतो. आकड्याला काथ्या अडकवायचा, उरलेली मोळी कमरेला बांधायची आणि बोटांमधून काथ्या सोडत उलटं चालत जायचं. माणूस मागे जाईल तसा दोर लांबत जातो.

आमची गल्ली अरुंद आहे. उलटं चालणाऱ्याची नजर दोरावर हवी. त्याने मागे पाहिलं की बोटं ढिली पडतात आणि दोर तिथे जाड होतो. म्हणून मागचं पाहायचं काम मूठ फिरवणाऱ्याचं. माझी मूठ मावशीच्या हातात असे. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. उलटी चालायची तिची सून.

"बादली आहे, उजवीकडे हो," मावशी सांगायची. "मांजर झोपलंय, ओलांड." आणि मग, "तुझा नवरा येतोय. त्याला धडकलीस तरी चालेल."

गुडघे गेल्यापासून मावशीला फार चालवत नव्हतं. पण मुठीशी बसली की अख्खी गल्ली तिच्या नजरेखाली असायची.

एके वर्षी दूरच्या विद्यापीठातून काही मुलं-मुली आली. वर्गात शिकलेलं लोकांच्या उपयोगी पडावं आणि लोकांकडून आपणही शिकावं, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. आमच्या दाराशी एक चष्मेवाली आणि एक लंबू आले.

"आजी, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" चष्मेवालीने विचारलं.

"आजी नको, मावशी म्हण. आजी म्हटलं की लोक लगेच आधार द्यायला लागतात," मावशी म्हणाली. "त्रास खांद्याचा. मूठ जड फिरते."

हे खरंच होतं. माझा कणा, म्हणजे चाकाचा आस, झिजला होता, तेलपाणी कुणी करत नव्हतं. दोघांनी मन लावून विचार केला आणि काही आठवड्यांनी मोटरवर चालणारा नवा आकडा घेऊन आले. बटण दाबलं की तो आपोआप फिरायचा.

"आता तुम्ही फक्त आराम करायचा," लंबू म्हणाला.

मावशीने यंत्राकडे पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "छान आहे."

दोघांचे चेहरे फुलले. मला भिंतीला टेकवून ठेवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर एक कोंबडी येऊन बसली. मित्रांनो, मला मोटरचा राग आला नाही. ती बिचारी सांगितलेलं काम करत होती. मला मावशीकडे बघवत नव्हतं. तिने भाजी निवडायला घेतली, ती संपली. मग ती नुसतीच मांडीवर हात ठेवून बसली. सून उलटी चालताना सारखी मान वळवून मागे बघत होती आणि दोर कुठे जाड, कुठे बारीक होत होता.

"दोर असा का येतोय?" चष्मेवालीला कळेना. "मी चालून बघते."

तिने कमरेला मोळी बांधली. सुरुवात बरी झाली. नजर दोरावर, पावलं मागे. तिच्या पाठीमागे भिंतीला एक सायकल टेकवलेली होती.

"सायकल आहे, डावीकडे हो," मावशी सवयीने म्हणाली. मोटरच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मावशी आणखी मोठ्याने म्हणाली. तोवर चष्मेवाली, सायकल आणि काथ्या यांचा एक ढीग झाला होता.

लंबूने धावत जाऊन मोटर बंद केली. सुनेने चष्मा शोधून दिला. चष्मेवाली कोपर चोळत तिथेच बसून राहिली.

"तुम्ही काहीतरी म्हणालात ना?"

"मागचं सांगत होते."

"आधी रोज सांगायचात?"

"मग काय, मी नुसता खांदा दुखवून घ्यायला बसत होते?"

चष्मेवालीने केसांत अडकलेला काथ्या काढला. मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही तर छान म्हणालात. आमच्याकडे आवडलं नाही तर तसं सांगतात."

"आमच्याकडे पाहुण्याने आणलेल्याला नावं ठेवत नाहीत," सून म्हणाली. "दोनदा छान म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळतं."

"आणि आवडलं तर?"

"आवडलेल्या वस्तूला कोण छान म्हणत बसतं? माणूस ती हातात घेतो," मावशी म्हणाली.

लंबूने कोंबडीला उठवलं. माझा झिजलेला कणा काढला, तिथे नवा बसवला, दोन्ही बाजूंना बेअरिंग घातलं. मोटर मागच्या पडवीत काथ्या झोडायला गेली. तिथे धुळीमुळे सगळ्यांची तोंडं बांधलेली असतात, त्यामुळे तिच्या घरघरीने कुणाचं काही अडत नाही.

मग त्यांनी मला मावशीसमोर आणलं आणि दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मावशी पुढे सरकून बसली. तिने मूठ हातात घेतली.

निघायच्या दिवशी ती दोघं हात हलवत उलटीच चालत गेली. "गटार आहे, उजवीकडे," मावशी सांगत होती. "लंबू, वर दोरी आहे, वाक." दोघांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्हीही शिकून मोठे व्हाल आणि कुणाच्या तरी मदतीला अनोळखी गल्लीत जाल. जरूर जा. पण आधी थोडं त्यांच्यासारखं चालून बघा आणि आपल्या पाठीमागचं त्यांना सांगू द्या. माझं मागणं फार नाही. अधूनमधून माझ्या कण्याला चार थेंब तेल घालत जा. मी कुरकुरायला लागलो की मावशीचा आवाज नीट ऐकू जात नाही.