पिराजीचा डबा

आण्णा गेले, त्यांचे दिवस झाले आणि आईनं सांगून टाकलं, ती माझ्याकडं पुण्याला येणार नाही. म्हणाली, बाहेरच्या खोलीत कॉलेजचा एखादा चांगला मुलगा भाड्यानं ठेव, सोबत झाली की मी इथंच राहीन. ती आण्णांची वाचायची खोली. रविवारी माझी रजा संपत होती. मुलगा मिळाला नाही, तर शाहूपुरीतलं घर बंद करून आईला माझ्याबरोबर निघावं लागणार होतं.

आला तो आकाराम. कागलकडचा, उंच, गोरा, डोळ्यांवर गॉगल, दारात येझदी मोटारसायकल. नव्या डोनेशन कॉलेजात इंजिनिअरिंगला. शेजारच्या गणपतरावांनी त्याला जाता-येता पाहून निकाल दिला, "बापाचा ऊस आणि पोराचा थाट. अभ्यासाला आलेली पोरं अशी दिसतात होय?"

मलाही तेच वाटत होतं. आण्णांच्या पुस्तकांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही, फक्त कॉट दाबून पाहिली. एवढ्या ऐपतीच्या मुलाला एका विधवेच्या घरात खोली कशाला हवी? मी तसं विचारलंच.

"हॉस्टेलवर झोप न्हाय ताई. रातभर पत्ते."

"आणि जेवण?"

"गावासनं डबा येतोय की. एसटीनं."

"भाकरी गार होत असेल रे," आई म्हणाली.

"हुती काकू. पर आईच्या हातची असती."

आई विरघळली. मी नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले, खरंच डबा येतो का पाहायला. कागलची गाडी लागली. कंडक्टर डबे खाली देत होता, मुलं आपापला उचलून जात होती. आकारामनं दोन उचलले. एका पिशवीवर दोऱ्यानं 'पिराजी' असं शिवलं होतं. बाकावर बसून त्यानं दोन्ही डबे खाल्ले.

मी समोर जाऊन उभी राहिले. "पिराजी कोण?"

त्यानं घास गिळला. "आमच्या गल्लीतला. तालुक्यात पयला आल्याला. हितं सरकारी कॉलेजात नंबर लागला. गाव म्हणायचं, आकारामनं पैसं भरलं, पिराजीनं डोकं चालवलं."

"मग त्याचा डबा तू का खातोस?"

"त्यो हितं न्हाय. सहामाहीत नापास झाला आन् म्हंबईला पळाला. घरात तोंड कसं दावू म्हणला. त्येच्या आईला, चिमणामावशीला, कायबी म्हाईत न्हाय. डबा भरल्याला परत गेला, तर ती तशीच गाडीत बसून हितं येईल."

"म्हणजे त्या बाईला तू रोज फसवतोस."

"रिकामा डबा धाडतो ताई. बोलत कायच न्हाय." मग हळूच म्हणाला, "दोन-दोन डबं खाऊन सदरा तटतटाय लागलाय."

मला हसू आलं नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं. "इतकं सहज खोटं निभावणारा मुलगा तुझ्या घरात ठेवायचा?"

आई तांदूळ निवडत होती. "छातीत दुखतंय हे तुझ्या आण्णांनी मला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "ताट रोज रिकामं व्हायचं. मला वाटायचं, बरं चाललंय." सूप तिनं बाजूला ठेवलं. "त्या बाईला जाऊन सांगू दे त्याला. मग किल्ली."

मी निरोप दिला. आकाराम खाली मान घालून म्हणाला, "पिराजी मला जित्ता सोडायचा न्हाय." पण शनिवारी गावी गेला, असं हॉस्टेलवर कळलं.

रविवारी सकाळी तो दारात आला. दाढी वाढलेली, गॉगल नव्हता.

"सांगितलंस?"

"व्हय."

"काय म्हणाली?"

"म्हणली, तुज्या नादानं बिघडला. तुजी गाडी, तुजा गॉगल. माजं पोरगं देवमाणूस हुतं. घरातबी घेतलं न्हाय."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार ताई? माज्याकडं बघून कोणबी त्येच म्हणंल."

गावी जाऊन तो दिवसभर स्वतःच्याच घरी बसला असेल, ही शंका तेव्हाही माझ्या मनात होती. आईनं मात्र त्याचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन किल्ली आणली.

निघण्यापूर्वी मी सुताराला बोलावून मधल्या दाराला आईच्या बाजूनं कडी बसवून घेतली. आकारामनं दार धरून ठेवलं, स्क्रू एकेक करून हातात दिले. शेवटी कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाला, "वरनं जरा घासा मेस्त्री. काकूंना जड जातीया."