दोरा शाबूत

“तुमच्या समितीने खोटं लिहिलं. खोटं आहे हे माहीत असून लिहिलं,” भिंग म्हणाली आणि काचेच्या कपाटावर बोटाने तीनदा टकटक केली.

कोपऱ्यातला पहारेकरी खुर्चीवरून उठला. पन्नाशीचा माणूस, गणवेशाचं वरचं बटण गायब.

“मावशी, काचेला हात नको. आणि समितीचं म्हणाल तर समिती नाही माझ्याकडे. एक खुर्ची आहे, तिचाही एक पाय आखूड आहे.”

“मग ज्याच्याकडे असेल त्याला बोलवा.”

“तक्रार आहे का? खाली खिडकीवर फॉर्म मिळतो.”

“कागदावर लिहून लिहूनच ही वेळ आणलीय तुमच्या लोकांनी. माणूस बोलवा.”

पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्याबरोबर आलेल्या बाईकडे पाहिलं. ती एवढ्यात त्याच्या लंगड्या खुर्चीवर जाऊन बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. तो जिन्याकडे गेला.

संग्रहालय अवाढव्य होतं. छताला तारांनी टांगलेली विमानं, दोन मजले फोडून मधोमध उभं केलेलं रॉकेट, आणि अवकाशातून माणसं घेऊन परत आलेली एक कुपी, जुन्या तव्यासारखी काळी पडलेली. सगळी गर्दी त्या कुपीभोवती. हे कपाट मात्र स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात होतं. इथे लोक थांबायचे ते रस्ता विचारायला. कपाटात एक शिरस्त्राण, हातमोज्यांचा जोड आणि जाड कापडाचं एक चौकोनी गाठोडं, एका कडेला धुराने काळवंडलेलं. खाली पाटी: ‘चाचणी वैमानिकाने अखेरच्या उड्डाणात पाठीवर बांधलेली हवाई छत्री. घडी घालण्यातील चुकीमुळे ती ऐनवेळी उघडली नाही.’

‘चुकीमुळे’ लिहायला शाईचा एक थेंब लागतो. ती चूक ज्या बाईच्या नावावर लिहिली गेली ती त्या लंगड्या खुर्चीवर बसली होती आणि तिला एवढ्या अंतरावरून पाटी दिसतही नव्हती.

“सुतळे, जवळ ये ना. इथून बघ.”

“मला जवळूनही दिसत नाही आता. डोळ्यांच्या मधोमध डाग आलेत. कडेकडेचं दिसतं फक्त. तू सांग, मी ऐकते.”

छत्र्यांच्या बांधणी विभागात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. ही काडीसारखी बारीक म्हणून सुतळी. ती तपासनीस, तिच्या नजरेतून सुरकुतीही सुटायची नाही, म्हणून भिंग. एक लठ्ठ होती तिला पिसू म्हणायचे. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी सगळ्यांनी ओळीने हात पुढे करायचे. नख वाढलेलं, कातडं फाटलेलं, बोटात अंगठी, यातलं काही दिसलं की ती बाई दिवसभर झाडू मारायला. कापड एवढं तलम होतं की खरखरीत बोट फिरलं तरी धागा निघायचा. चौदा पावलं लांबीचं टेबल, आरशासारखं गुळगुळीत. त्यावर छत्री पसरायची, एकेक पाकळी दुसरीवर बसवायची, घडी हलू नये म्हणून शिशाच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या आणि शेवटी त्या मोठ्याने मोजून काढायच्या. एक जरी पिशवी आत राहिली तर वरचा माणूस खाली दगडासारखा येणार. प्रत्येक टप्प्याला भिंग येऊन बघायची. ती ‘हं’ म्हणाली की पुढे. सगळं झाल्यावर गाठोड्याच्या खिळीतून लाल दोरा ओवायचा आणि दोऱ्यावर शिशाची मोहोर दाबायची. मोहोरेवर जिचा तिचा नंबर. सुतळीचा सात.

वाकून वाकून पाठी मोडायच्या, तरी त्या खोलीइतकं हसणं दोघींच्याही आयुष्यात पुन्हा आलं नाही. हा वैमानिक तर छत्री न्यायला स्वतः यायचा, शिपाई पाठवायचा नाही.

“सातची आहे का? नसेल तर थांबतो,” म्हणायचा. “माझी बायकोसुद्धा एवढी नीट घडी घालत नाही.”

“बायकोला कळवू का तसं?” सुतळी मान वर न करता विचारायची.

“नको, मग तुम्हाला दोन घरांच्या घड्या घालाव्या लागतील.”

शेवटच्या दिवशीही तो हेच काहीतरी बोलून गेला. दुपारी विमान धावपट्टीपलीकडच्या माळावर पडलं. त्या विमानाची वरची काच अडकते, उघडता उघडत नाही, अशी तक्रार त्याआधी तिघा वैमानिकांनी केली होती. चहावाल्यापासून सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण त्याच महिन्यात तसली साठ विमानं विकायची ठरली होती. काच अडकते असं कोण लिहिणार? बाईची घडी चुकली, हे लिहायला सोपं. चौकशी समितीने बांधणी विभागातल्या दोघींना बोलावलं. सुतळीला दोन दिवस. भिंगला अकरा मिनिटं. नंतर सुतळीच्या हातात एक पानभर कागद आणि दारापर्यंत सोडायला शिपाई. भिंग त्याच टेबलाशी आणखी एकोणीस वर्षं उभी राहिली.

त्यानंतर सुतळीने कशाचीही घडी घातली नाही. घरातल्या चादरी गोळा करून कपाटात कोंबलेल्या असत. “आमच्याकडे कपडे धुतात आणि पुरतात,” असं तिची मुलगी मैत्रिणींना सांगायची. शहराबाहेरच्या रोपवाटिकेत तिने तीस वर्षं पिशव्यांत माती भरली. ते काम तिला बरं वाटायचं, त्यात काही उघडायचं नव्हतं. पण हात मातीत असताना मन टेबलाशी असे. ती छत्री ती पुन्हा पुन्हा बांधायची, पहिल्या पाकळीपासून मोहोरेपर्यंत. कुठे चुकलं ते सापडायचं नाही. सापडत नाही म्हणजे नजर चुकवून कुठेतरी चुकलंच असणार, असं तिने स्वतःला पटवलं होतं. वैमानिकाच्या बायकोला तिने सात पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही.

इतक्या वर्षांत दोघी दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा कुणाच्या तरी अंत्यविधीला. गुडघ्यांबद्दल बोलल्या आणि निघाल्या. मग तीन आठवड्यांपूर्वी भिंग लेक-जावयाबरोबर हे संग्रहालय बघायला आली, स्वच्छतागृह शोधत या बोळात शिरली आणि कपाटापाशी थांबली ती जावई शोधत येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिने पिसूकडून सुतळीचा फोन नंबर मिळवला.

“काय ते फोनवर सांग ना.”

“फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये.”

सुतळी दोन बस बदलून आली होती.

पहारेकरी परतला तो एका तिशीतल्या मुलीला घेऊन. पायात सपाट चपला, गळ्यात ओळखपत्र, हातात किल्ल्यांचा जुडगा. इथल्या वस्तू सांभाळणारी अधिकारी हीच.

“आजी, काय चुकलंय पाटीत?”

“सगळं,” भिंग म्हणाली. “ती खिळीजवळची लाल रेघ दिसते तुला? तो दोरा आहे. धड एक कागदही त्याने बांधलेला राहणार नाही इतका कच्चा, मुद्दाम कच्चा ठेवलेला. छत्री उघडायची तर मूठ ओढायची. मूठ ओढली की खिळी सरकते, आणि खिळी सरकली की पहिल्यांदा हा दोरा तुटतो. बघ, तुटलाय का?”

अधिकारी काचेला नाक लावून वाकली. पहारेकरीही वाकला.

“अखंड आहे,” तो म्हणाला. “रोज समोर बसतो मी याच्या.”

“मग याचा अर्थ काय?”

मुलीने हळूच सरळ होत म्हटलं, “म्हणजे त्यांनी मूठ ओढलीच नाही.”

“ओढता आली नाही. काच उघडली नाही, बाहेर पडता आलं नाही, आतच बसून राहिला बिचारा. छत्री उघडली नाही म्हणे. तिला कुणी उघड म्हटलंच नव्हतं. आणि हे गाठोडं त्या समितीच्या टेबलावर ठेवलेलं होतं, समजलं? दोरा त्यांनाही दिसला असणार. बघितला, आणि गाठोडं गोदामात टाकलं.”

“गेल्या वर्षी ते गोदाम रिकामं केलं. सत्तर खोकी आमच्याकडे आली,” मुलगी म्हणाली. “पाटीचा मजकूर मी जुन्या अहवालातून उचलला. मला दोऱ्याचं ठाऊक नव्हतं, खरंच.”

“तुला कसं असेल? आता बदल ती.”

“बदलायची तर मला वर विचारावं लागेल.”

“वर कुठे? त्या रॉकेटात?”

पहारेकऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. सुतळी हसली नाही. ती उठून कपाटापाशी आली होती, मान थोडी तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने आत बघत.

“पोरी, मला हात लावू देशील?” तिने विचारलं.

मुलीने भिंगकडे पाहिलं. “या आजी कोण?”

“हिनेच बांधली ती.”

मुलीने पहारेकऱ्याला बोळाच्या तोंडाशी उभं केलं, कपाट उघडलं आणि खिशातून पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड काढून सुतळीपुढे धरला.

“हे घातले तर मला काही दिसणार नाही,” सुतळी म्हणाली.

मुलीने हातमोजे परत खिशात ठेवले.

सुतळीने आधी स्वतःच्या बोटांची टोकं एकमेकांवर घासून पाहिली. तीस वर्षांच्या मातीने ती राठ झाली होती. मग तिने एकच करंगळी पुढे केली, त्यातल्या त्यात मऊ होती ती, आणि गाठोड्याच्या शिवणीवरून नेत नेत खिळीपाशी आणली. दोरा लागला. ताणलेला, अखंड. तिथून शिशाची मोहोर. करंगळी तिच्यावर वर गेली, खाली आली, थांबली.

“सात,” ती म्हणाली.

भिंगच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही, उलट मान वर करून ते सगळ्यांना दिसू दिलं.

“मी सांगत नव्हते तुला? त्यांनी तुझा गळा कापला, सुतळे. नालायक माणसं. एकेकाला उभं करून विचारायला पाहिजे होतं.”

सुतळीची बोटं गाठोड्याच्या कडेने पुढे सरकत होती. पाठीच्या बाजूला शिवलेल्या चपट्या खिशात ती शिरली आणि दोन बोटांत एक जाड कागद घेऊन बाहेर आली. पोस्टकार्डाएवढा, कडेने पिवळा.

“हे बांधणीचं कार्ड. प्रत्येकीत असतं. काय लिहिलंय, वाचशील?”

मुलीने कार्ड दोन्ही हातांनी धरलं. “तारीख आहे. ‘बांधली: सात.’ खाली सही. मग ‘तपासली: दोन.’ त्यापुढे हाताने लिहिलंय, बारीक अक्षर आहे: ‘पाकळ्या बरोबर. दोऱ्या बरोबर. पिशव्या सगळ्या बाहेर, दोनदा मोजल्या. खिळी, मोहोर बरोबर.’ खाली सही.” तिने वर पाहिलं. “मग हे तर स्पष्टच आहे. या दोन नंबरच्या बाईंनी समितीला सांगितलं असेलच ना? त्या कुठे आहेत आता, काही कल्पना?”

बोळाच्या तोंडाशी पहारेकरी कुणाला तरी दुसरीकडचा रस्ता सांगत होता.

भिंगने पर्स उघडली, रुमाल शोधला, सापडलेला रुमाल परत आत ठेवला आणि पर्स बंद केली.

“त्यांनी मला अकरा मिनिटं बसवलं होतं,” ती म्हणाली. आवाज मघाचा राहिला नव्हता. “पाच जण होते. धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. तुला माहीतच आहे घरचं कसं होतं. ते म्हणाले, चूक दोघींची धरायची की एकीची, तेवढं फक्त ठरवायचंय.”

“माझ्याकडे अहवालाची प्रत आहे,” सुतळी म्हणाली. तिचा हात अजून गाठोड्यावर होता. “लेकीकडून कितीदा तरी वाचून घेतलीय. तुझ्याबद्दल त्यात एकच ओळ आहे. ‘सदर छत्री तपासल्याचे तपासनीसास आठवत नाही.’”

“सुतळे—”

“थांब. मला वाटायचं, भिंगसारख्या भिंगला आठवत नाही म्हणजे त्या दिवशी सगळीच घाई झाली असणार. तू बघितलं नसशील, आणि माझं कुठेतरी चुकलं असेल. रोज तेवढ्यावरच येऊन थांबायचे मी. समितीचं मला कधी काही वाटलं नाही गं. ती परकी माणसं.”

मुलीने कार्ड खाली ठेवलं नाही, वरही धरलं नाही.

सुतळीने मान तिरकी केली. समोर बघितलं की भिंगच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग यायचा. कडेने बघितलं तेव्हा थोडा चेहरा दिसला.

“या पोरीला तिची पाटी बदलायची तेव्हा बदलू दे. तू मला एवढंच सांग, आणि आज सांग,” ती म्हणाली. “तुला तेव्हा आठवत होतं की नव्हतं?”