पाण्याची ती एक नळी

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव ऐकून बिचकू नका, काम सोपं आहे माझं. नळ्यांत भरलेलं द्रव मी इतक्या जोरात गरगर फिरवतो की जड ते खाली जातं आणि हलकं ते वर राहतं. कॅनडात, सॅस्कॅचेवानच्या सपाट मुलखात, एका विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात मी उभा आहे. नवा होतो तेव्हा शेजारच्या विभागांतली माणसंसुद्धा मला बघायला यायची. आता काही महाभाग माझ्या झाकणावर कॉफीचे कप ठेवतात. असो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जिवावरच बेतलं होतं. विभागप्रमुख मरे पेनर यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणखी एक तक्रार आली की हा भंगारात. तेव्हापासून मी मुकाट्यानं फिरत होतो.

लॅरिसा नाटियुक ही त्यांची संशोधक विद्यार्थिनी. हिवाळाभर बिळात झोपून राहणाऱ्या खारींच्या यकृतावर तिचं काम चालायचं. झोपलेल्या खारी थंडीतच मिळणार, म्हणजे वर्षाकाठी एकदाच तिच्या हाताला काही लागायचं. त्या यकृतांचा सगळा अर्क, मी सांगतोय त्या दिवशी, एकाच नळीत होता, साखरेच्या दाट पाकावर अलगद सोडलेला.

पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिकही तीच घ्यायची. ती मुलं दारात ताटकळत होती. आता माझा पहिला नियम असा की समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं. दुसऱ्या नळीतही पाकच भरायचा, पण पाक संपला होता आणि नवा करायला वेळ कुठला? लॅरिसानं तिच्यात पाणी भरलं. दोन्हींची पातळी सारखी दिसली, तेवढ्यावर तिनं मला चालू केलं. अगं बाई, पाक पाण्याहून जड असतो! तिला काय ते ठाऊक नव्हतं? दर वर्षी मुलांना तीच बजावायची, डोळ्यांवर जाऊ नका, तराजूवर ठेवा.

मुलं आत आली आणि माझ्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. वेग वाढला तसा मी थरथरू लागलो. तोल गेला की मला आपोआप थांबवणारी सोय केव्हाच निकामी झाली होती. माझ्या पोटात जडशीळ धातूचं चाक आहे. ते निखळलं असतं तर झाकण फोडून बाहेर आलं असतं, आणि एक मुलगी तर झाकणाला कान लावून ऐकत होती. माझे पाय फरशीवर सरकायला लागले. भीतीनं माझी गाळण उडाली.

आवाज ऐकून मरे आत आले.

"थांबवू नकोस," ते लॅरिसाला म्हणाले. "म्हातारा नेहमीच कुरकुरतो. आत्ता थांबवलंस तर सगळं मुसळ केरात."

लॅरिसाचं बोट बटणावर होतं. तिनं मुलांकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पाण्याच्या बाटलीकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मागे व्हा सगळे," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

माझा वेग एकदम उतरत नाही. तो उतरेपर्यंत तिनं मुलांना भिंतीपाशी नेऊन उभं केलं. झाकण उघडलं तेव्हा अर्काची नळी चेपून फुटली होती.

मरे वैतागले. हे धूड उद्याच भंगारात काढतो म्हणाले. मुलांनीही माना डोलावल्या. लॅरिसा गप्प होती. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर विषय तिथेच संपला असता, आणि मीही. त्या शांततेत मला जी धास्ती वाटली, ती थरथरतानाही वाटली नव्हती.

"मरे, दोष याचा नाही," ती शेवटी म्हणाली. "समोरच्या नळीत मी पाणी भरलं. वजन केलं नाही."

"आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

कान लावून ऐकणाऱ्या मुलीनं हळूच विचारलं, "पण वजन करा असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो," लॅरिसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चला, तराजू घ्या. पहिल्यापासून दाखवते."

मित्रांनो, मी अजून फिरतो आहे. आम्हाला पुसा, वेळेवर दुरुस्त करा. आणि यंत्र थरथरलं तर त्याला नावं ठेवण्याआधी आपल्या हातून काय झालं ते बघा. चूक तुमची असेल तर समोर कितीही माणसं असोत, बोला. आम्हाला बोलता येत नाही.