जांभळ्याचं पिवळं

नाशिकच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये निकिताने अर्काच्या बाटलीचं सील फोडलं. महिनाभर ठेवलेला द्राक्षपानांचा अर्क आज मेलेला निघाला, तर गाईड तिचा पीएचडीचा विषयच बदलणार होते. "पाला गुरांना घाल," असं ते चारचौघांत म्हणाले होते. निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेल्या पोरीला पाला शिकवत होते!

परीक्षा साधी होती. अर्कात दम असेल तर जांभळं द्रावण पिवळं पडतं. ताजा अर्क दरवेळी ते करून दाखवायचा, पण ठेवला की मरायचा. उन्हाला, फ्रीजला शिव्या घालून झाल्या. मग घरी वडिलांचा, आप्पांचा, फवारणीचा निळा डागाळलेला शर्ट धुताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पानांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा होता! मोरचुदातलं तांबं अर्कात उतरून हळूहळू त्यालाच खात होतं. जन्म फवारणीत गेला आणि बयेला फवारणीच दिसली नव्हती! म्हणून या वेळी तिने दारातल्या, कधीच न फवारलेल्या वेलाची पानं घेतली होती.

तिने अर्क टाकला. द्रावण हा हा म्हणता पिवळंजर्द झालं.

"ताजा अर्क टाकलास काय गं?" गाईड गुरकावले.

"बाटलीच्या सीलवर तुमचीच सही होती, सर. घ्या, तुम्हीच टाका."

त्यांनी टाकला. पुन्हा पिवळं! सरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

"बरं, राहू दे हा विषय."

"राहू दे काय, सर? लय भारी विषय हाय!" निकिता ओरडली आणि अख्खी लॅब हसत तिच्याभोवती गोळा झाली.