रेघेच्या वर

“दादा, ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या रेघेपातुर ऑइल हाय. वर थेंबबी टाकू नगं,” असं बजावून धनाजी हेल्मेट आणायला गेला.

आकारामनं मान डोलावली. आष्ट्याच्या गॅरेजात त्याची हयात ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली होती. घाट चढणाऱ्या गाडीला तो ऑइल नेहमी थोडं जास्तच घालायचा, पाहुण्याला भात वाढावा तसं. धाकट्या भावाची तऱ्हा वेगळी. सत्त्याण्णवला फौजेतून आल्यावर त्यानं दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार उभी केली होती. वळणावर ऑइल एका अंगाला पळतं, हवा मिसळून त्याचा फेस होतो आणि बेरिंग कोरडं पडतं. म्हणून त्यानं इंजिनाच्या चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे बसवले होते, फेसातली हवा निघून जायला वेगळी टाकीही जोडली होती. आज यवतेश्वरच्या घाटात गाडी नीट धावली, तर पुण्याचे एक रेसवाले मालक त्याला कायमचं कामाला नेणार होते.

“एवढा घाट, आन् ह्येचा हात आखडता,” आकाराम पुटपुटला आणि मायेनं त्यानं अर्धा डबा आत रिता केला.

अर्ध्या घाटात इंजिन जाम झालं.

संध्याकाळी गॅरेजात धनाजीनं चेंबरचा नट सोडला. ताकासारखं फेसाळलेलं ऑइल खाली आलं. घमेलं काठोकाठ भरलं तरी धार चालूच. इंजिनात गरगरणाऱ्या क्रँकच्या दांड्यानं जादा ऑइल घुसळून त्याचा फेस केला होता. धनाजी घमेल्याकडे बघत राहिला. मग त्यानं भावाकडे पाहिलं.

तेवढ्यात पुण्याचे मालक दारात आले. “काय झालं?”

“माजंच आडोसं चुकलं, सायेब,” धनाजी म्हणाला.

डबा आपण ओतला, हे आकारामनं सांगितलं नाही. मालक धनाजीच्या खांद्यावर थोपटून निघून गेले, ते कायमचे.

धनाजी पुढं कारखान्याचे ऊस ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला. रेसचं नाव त्यानं कधी काढलं नाही. आकारामला घास गोड लागेनासा झाला.

एकदा एका ट्रॅक्टरमध्ये ऑइल ओतताना आकारामचा डबा सवयीनं कलताच राहिला. धनाजीनं हलकेच त्याचा हात धरला.

“बास, दादा. भरलं.”

तो ओरडला असता तर आकारामला बरं वाटलं असतं. धनाजीनं पट्टी फडक्यानं पुसली आणि जागेवर खोचली.