बायकांच्या मागे बोलणारी बाई

"साहेब, खडकीतल्या बायका रेडिओ ऐकत नाहीत असं तुम्ही लिहून दिलंत, आणि लिहून देताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे."

आम्रपाली हे बोलली ती खराडीच्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. आवाज चढवला नाही.

रेडिओच्या श्रोत्यांवर संशोधन करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. घरोघर जायचं, कोण काय ऐकतं ते विचारायचं आणि रेडिओवाल्यांना कळवायचं, हा धंदा. या खेपेला दुपारच्या एका कार्यक्रमाचा निकाल लावायचा होता. सुशीलाबाई नावाच्या निवृत्त नर्स त्यात बायकांची दुखणी साध्या भाषेत समजावून सांगत. पण दुपारच्या त्या वेळेला आता भाव आला होता. वाघोलीत फ्लॅट विकणाऱ्या एका बिल्डरला ती हवी होती. श्रोते निघाले तर सुशीलाबाई राहतील, नाही निघाले तर सोमवारपासून त्यांचं तोंड बंद.

साहेबांनी आम्रपालीला मुद्दाम खडकीच्या क्वार्टर्समध्ये पाठवलं. ती तिथलीच; तिची आई चंपाबाई अजून तिथेच राहते. ओळखीच्या पोरीला दारं लवकर उघडतात. कुणी घरबसल्या खोटी उत्तरं रचू नयेत म्हणून प्रत्येक उत्तर टेपवर घ्यायचं होतं. प्रश्न साहेबांनी स्वतः तयार केला होता आणि त्यातला एक शब्दही बदलायचा नाही अशी ताकीद होती: आपण दुपारी रेडिओ ऐकता का?

बायका एकजात नाही म्हणाल्या. आईच्या शेजारच्या सोजरबाई तर हसल्याच.

"आमाला ऐकायला उसंत हाय व्हय गं? ते तुझ्यासारक्या पंख्याखाली बसणाऱ्यांचं काम."

आम्रपालीने नाही लिहिलं आणि पुढचं दार वाजवलं.

आज सकाळी टेपवरची उत्तरं उतरवून घेणाऱ्या चैतालीने कानावरचा हेडफोन काढला आणि विचारलं, "ए, तुझ्या ह्या सगळ्या बायकांच्या मागे एकच बाई कोण बोलतेय?"

चेष्टा असेल म्हणून आम्रपालीने हेडफोन लावला. सोजरबाई म्हणत होत्या, उसंत हाय व्हय. त्यांच्या मागे, स्वच्छ, खणखणीत, सुशीलाबाई सांगत होत्या की साखरेचं दुखणं असणाऱ्यांनी रोज आपले तळपाय आरशात बघावेत. दुसरी टेप लावली. कोणाची तरी सून नाही म्हणाली, मागे सुशीलाबाई. तिसरी लावली, मागे सुशीलाबाई. मग आईची. चंपाबाई लेकीला म्हणत होती, "मी लावते गं. ऐकत कुठं बसते?"

आम्रपालीने हेडफोन काढला.

चंपाबाई रोज जेवणं उरकली की रेडिओ खिडकीत ठेवते, तोंड बाहेर करून, आवाज पूर्ण सोडून. घरांच्या सगळ्या ओळीला तेवढा एक पुरतो, म्हणून बाकीच्या आपले रेडिओ लावतच नाहीत. कोणी तांदूळ निवडतं, कोणी गोधडीला टाके घालतं, आणि सुशीलाबाई बोलत असतात. पण ह्याला ऐकणं म्हणायचं, हे त्या बायकांच्या स्वप्नातही येणार नाही. ऐकणं म्हणजे रविवारी विहारात वंदनेला बसतात तसं, हात रिकामे ठेवून, मन लावून. भरदुपारी ऐकते म्हणणं म्हणजे मी रिकामटेकडी आहे अशी कबुली देणं, तीही सासूच्या देखत. मागच्या वर्षी सोजरबाईंचा पाय कापायचा वाचला तो तळव्याची जखम वेळेवर दिसली म्हणून. आरशाची युक्ती त्यांना ह्याच खिडकीतून कळली होती. तरी म्हणाल्या, ऐकत नाही.

आणि आम्रपाली? ऐकण्याचं संशोधन करणारी, पगार घेणारी? त्या आवाजात उभी राहून ती प्रश्न विचारत होती. लहानपणापासून कानात असलेला तो खिडकीतला रेडिओ तिला ऐकूच आला नव्हता.

ती धावत साहेबांकडे गेली. मीटिंग चालू होती. तिला वाटलं, साहेब हादरतील, पुन्हा पाहणी करायला सांगतील. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"पहिल्याच आठवड्यात टेप ऐकल्यात मी. तो रेडिओ काय मला ऐकू आला नसेल?"

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. साहेब शांतपणे पुढे म्हणाले की प्रश्न बदलला तर उत्तर बदलतं, आणि मग वाघोलीवाल्यांना काय तोंड दाखवायचं? अहवाल कालच गेलाय. "तुम्ही पीएचडी करत नाही, नोकरी करताय. बसा आता."

म्हणजे तिची ओळख, तिच्या आईचं दार, सोजरबाईंचं हसणं, सगळं ह्यांनी समजून-उमजून वापरलं होतं. तेव्हाच ते पहिलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं. तिने टेपरेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. सोजरबाई हसल्या. मागे सुशीलाबाई बोलू लागल्या.

साहेबांनी बंद करायला हात पुढे केला. आम्रपालीने टेपरेकॉर्डरवर आपला हात ठेवला.

"थांबा. सोमवारपासून ही बाई बोलणार नाही. माझ्या ओळीतल्या पुढच्या बाईचा पाय गेला तर तिला मी काय सांगू? ऐकताय ना साहेब? मग उत्तर द्या."