मांजरीमार्फत

नीराबाईच्या नाकातली नळी गप्प झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, सदाने, आधी यंत्राला थाप मारली, मग बटण दाबून पाहिलं आणि शेवटी वर बघितलं. पंखा थांबला होता. वादळात वीज गेली होती आणि बोर्लीच्या दवाखान्याकडे जाणारा रस्ता पडलेल्या झाडांखाली गेला होता.

करोनाच्या रोग्यांसाठी आरोग्य केंद्राने दिलेलं ते प्राणवायूचं यंत्र अमेरिकेहून आलेलं. कोळीवाड्यात जनरेटर एकच, तोही चिनी, आणि शेजारच्या तुकारामकडे. रोग कुणी पसरवला यावरून अमेरिका आणि चीन टीव्हीवर भांडत होते. बोंबील वाळवायच्या जागेवरून सदा आणि तुकाराम. दोन्ही भांडणांत चूक कुणाची हे कोळीवाड्याला ठाऊक नव्हतं, पण बाजू सगळ्यांनी घेतल्या होत्या.

दोघांचं बोलणं बंद. अगदीच अडलं तर ते मांजरीला सांगत. ती दोन्ही घरची मासळी खायची, म्हणून तटस्थ.

सदाने खिडकी उघडली. मांजर दोन घरांमधल्या बुटक्या दगडी गडग्यावर अंग चाटत होती.

"मने, त्याला सांग, नीराचा दम कोंडलाय. जनरेटर पायजे."

पलीकडून आवाज आला, "मने, त्याला इचार, आता तोंड उघडलं काय?"

"उघडलं म्हनून सांग गं!"

उत्तराऐवजी हातगाडीची चाकं वाजली. तोंडाला पंचा गुंडाळलेल्या तुकारामने जनरेटर गडग्यापाशी लावला आणि वायर खिडकीतून आत फेकली. चिनी इंजिनाने दोन ढेकर दिले, अमेरिकन यंत्र घुरघुरलं. दोन्ही सरकारांना कुणी विचारलं नाही.

नीराबाईच्या ओठांचा निळेपणा ओसरला. बोटावरच्या चिमट्यातला प्राणवायूचा आकडा चढू लागला, तसा सदा भिंतीला टेकून खाली बसला.

"मने, वहिनी कशी हाय?"

"बरी हाय म्हनावं."

"होडी ऱ्हायली का तुजी?"

सदाने वर पाहिलं. गडग्यावर मांजर नव्हतीच. ती कधीच घरात शिरून चुलीमागे सुकट खात होती.

"ऱ्हायली," तो म्हणाला. "तुजी?"

"फळ्या उचकटल्या."

"माज्याकडं पडल्यात सागाच्या. ने."

तुकाराम गडग्यावर बसला आणि वादळात होडीचा नांगर कसा तुटला ते सांगू लागला. तेवढ्यात पंख्याने एक गिरकी घेतली, मग दुसरी.

सदाने बसल्या बसल्या हात लांबवून पंख्याचं बटण बंद केलं.

"लाईट आली काय रं?" तुकारामने बाहेरून विचारलं.

"न्हाय बा. मंग, नांगराचं काय झालं?"

नीराबाईने थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलू लागले. सदाने घाबरून चिमटा पाहिला. आकडा वरच होता.